अन्नप्राशन : पहिल्या घासाचा संस्कार

(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



मठाच्या उत्सवातील व्याख्यानाचा विषय बहुधा मोठा असतो. ब्रह्म, माया, मोक्ष, गुरुपरंपरा या विषयांवर या सभामंडपात वर्षानुवर्षे निरूपणे झाली आहेत आणि पुढेही होतील. आजचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. इतका लहान, की तो मामाच्या मांडीवर मावतो. पाच-सहा महिन्यांचे मूल, नवे झबले, चांदीची वाटी, वाटीत चार चमचे खीर आणि भोवती ओठांचा चंबू करून "आ कर, आ कर" म्हणणारी दहा-पंधरा वडील माणसे, असे हे दृश्य आहे. मूल तोंड उघडते, काही क्षण विचारात पडते, आणि बहुधा पहिला घास बाहेर ढकलते. सगळे हसतात. संस्कार झाला असे समजून मंडळी पंक्तीकडे वळतात.

या हसण्याखेळण्याच्या प्रसंगामागे शास्त्रकारांनी जो विचार ठेवला आहे, तो मात्र लहान नाही. आणि तो विचार नीट न कळल्यामुळे कधी मुलाचे नुकसानही होते. म्हणून या विषयाला एका व्याख्यानाचा अवकाश देणे योग्य ठरावे.

प्रथम शब्द पाहावा. संस्कृतात 'अन्नप्राशन' हे सरळ नाव आहे. मराठीने मात्र त्याला 'उष्टावण' म्हटले. उष्टे हा शब्द 'उच्छिष्ट' या शब्दापासून आला. एरवी ज्या घरात उष्ट्याखरकट्याचा विचार काटेकोर असतो, एकाच्या पानातले दुसऱ्याच्या पानात जात नाही, त्याच घरात बाळाच्या या समारंभाला मात्र उष्टे हेच नाव कौतुकाने दिले गेले. यात विसंगती वाटते, पण ती वरवरची आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात एक संपूर्ण सूक्तच उच्छिष्टावर आहे. यज्ञ होऊन जे शेष उरते, त्या शेषावर सर्व नामरूप आणि लोक आधारलेले आहेत, असा त्याचा आशय आहे. मठात वाढणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. देवापुढून आलेला नैवेद्य म्हणजे प्रसाद, आणि प्रसाद म्हणजे देवाचे शेषच. बाळाचे उष्टावणही असेच आहे. देवाला अर्पण झालेल्या अन्नातून त्याचा पहिला घास निघतो. पोटात गेलेले पहिले धान्य हे कोणाच्या तरी ताटातून, कोणाला तरी देऊन उरलेले असते, हे भान मराठी शब्दाने जपले आहे.

आता गृह्यसूत्रांकडे यावे. मराठी मुलखात आणि त्याच्या बाहेर गोमंतक, बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांत ऋग्वेदी मंडळी आश्वलायनाच्या सूत्राप्रमाणे आणि शुक्ल यजुर्वेदी मंडळी पारस्कराच्या सूत्राप्रमाणे चालतात. दोघेही सहावा महिना सांगतात. मनुस्मृतीही सहावा महिनाच सांगते. मात्र कुळात जे मंगल मानले जात असेल त्याप्रमाणे करावे, अशी मोकळीक तेथे आहे. आश्वलायनाने अन्नाच्या स्वामीची प्रार्थना सांगितली आहे. तिचा भाव असा की, रोग न आणणारे आणि बळ देणारे अन्न मिळावे, आणि ते दोन पायांच्यांना मिळावे तसे चार पायांच्यांनाही मिळावे. घरातले मूल पहिल्यांदा जेवते आहे आणि त्याच प्रार्थनेत गोठ्यातल्या वासराचाही वाटा मागितला आहे, ही गोष्ट पुरोहिताने घाईने मंत्र म्हणताना सहज निसटून जाते.

पारस्कराचा विधी याहून वेगळा आणि विशेष मननीय आहे. तेथे स्थालीपाक शिजवून जी आहुती द्यावयाची ती वाग्देवतेला. मूल जेवायला बसते आहे आणि आहुती वाणीला! याचा उलगडा उपनिषदांत होतो. छांदोग्यात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतो की, खाल्लेल्या अन्नाच्या सूक्ष्म अंशापासून मन घडते, प्यालेल्या पाण्याच्या सूक्ष्म अंशापासून प्राण, आणि तेजाच्या सूक्ष्म अंशापासून वाणी. हे तेज म्हणजे तूप-तेलासारखे स्निग्ध पदार्थ, असे आचार्यांनी भाष्यात म्हटले आहे. सांगून मुलाला पटले नाही, तेव्हा बापाने त्याला पंधरा दिवस केवळ पाण्यावर राहायला लावले. वेद मुखोद्गत असलेला तो तरुण पंधरा दिवसांनी बापापुढे आला, तेव्हा त्याला एक ऋचाही आठवेना. जेवला, आणि सारे आठवले. शब्दप्रामाण्यावर एवढा भर असलेल्या परंपरेत एका बापाने मुलाला प्रयोग करून दाखवला, आणि तो प्रयोग अन्नाचा होता. तेव्हा बाळाच्या पहिल्या घासाच्या वेळी वाणीला आहुती देणारा सूत्रकार काही भलते करीत नाही. या घासातून पुढे बोलणे उगवणार आहे, हे त्याला ठाऊक आहे.

आहुती झाल्यावर सर्व रस आणि सर्व अन्ने एकत्र करून पित्याने मुलाला भरवावे, आणि भरवताना एकतर काहीच बोलू नये किंवा 'हन्त' एवढाच उच्चार करावा, असे पारस्कर सांगतो. हा लहानसा शब्द फार अर्थपूर्ण आहे. बृहदारण्यकात वाणीला गायीची उपमा दिली आहे. तिला चार आचळे आहेत : स्वाहा, वषट्, हन्त आणि स्वधा. पहिल्या दोहोंवर देव जगतात, स्वधेवर पितर, आणि हन्त या आचळावर मनुष्ये. आजवर मूल आईच्या दुधावर होते. आता त्याला मनुष्यांच्या वाट्याचे आचळ मिळते. शिवाय जुन्या घरांतून अतिथीसाठी वैश्वदेवानंतर अन्नाचा जो भाग काढून ठेवीत, त्याला 'हंतकार' म्हणत. सोळा घासांचा हंतकार, असे त्याचे मापही पुराणांत दिलेले आहे. म्हणजे बापाच्या तोंडचा हा शब्द अतिथीच्या सत्काराचा आहे. घरात आलेल्या या नव्या पाहुण्याला प्रथमच पान वाढले जात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी. सूत्रात भरवणारा पिता आहे. मराठी घरांत मात्र मामा भरवतो. बंगालमध्येही हा मान बहुधा मामाकडेच असतो. केरळात 'चोरूण' या नावाने हाच संस्कार होतो आणि त्यासाठी गुरुवायूरच्या देवळात मुलांना मांडीवर घेतलेल्या आईबापांची रीघ लागते. हे सर्व लोकाचार आहेत आणि लोकाचाराला शास्त्राने नेहमीच जागा दिली आहे. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली लेक तेथेच असताना उष्टावणाचा दिवस येई, म्हणून मामाची मांडी आली असेल, हा तर्क करता येतो. काही असो, मामाचा हा मान कोणी काढून घेऊ म्हणेल तर घरोघरी तंटे होतील.

प्राशनानंतर मुलापुढे पुस्तक, शस्त्र, वस्त्र, कारागिरीची हत्यारे अशा वस्तू मांडून ते प्रथम कशाला हात लावते ते पाहण्याची जीविकापरीक्षा निबंधग्रंथांत आहे. तिच्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. मुलाचा हात कशाकडे वळावा हे वडिलांनी आधीच ठरवलेले असते आणि लेखणी हळूच पुढे सरकवलेली असते, हे सर्वांनी पाहिलेले आहे.

आता ज्या प्रश्नांसाठी हा विषय मुख्यतः निवडला गेला, त्यांकडे वळले पाहिजे. पहिला प्रश्न पदार्थाचा. आश्वलायन सूत्रात अन्नसमृद्धीसाठी बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चसासाठी तित्तिर पक्ष्याचे मांस, तेजासाठी तूपभात असे पर्याय दिले आहेत. पारस्कराने वाणीच्या ओघासाठी भारद्वाज पक्षी, वेगासाठी मासे असे आणखी काही सांगितले आहे. हे वाचून कोणी दचकू नये आणि कोणी लपवूही नये. सूत्रांत आहे ते आहे. पुढच्या काळात हे सारे मागे पडले आणि दूध-तांदळाची खीर राहिली. संस्कार मात्र बुडाला नाही. म्हणजे द्रव्य बदलले तरी संस्कार टिकतो, हा निर्णय शिष्टांनी शतकांपूर्वीच दिलेला आहे.

हे येथे सांगण्याचे कारण मध. दही, मध आणि तूप मिसळलेले अन्न मुलाला द्यावे, असे आश्वलायनाने म्हटले आहे, आणि त्याला अनुसरून अनेक घरी सोन्याच्या अंगठीने मधाचे बोट चाटवतात. परंतु मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते निरुपद्रवी राहतात. वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि मुलाचे स्नायू लुळे पडतात. मूल दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, क्वचित श्वासही थांबतो. लहान मुलांतील हा बॉट्युलिझम नावाचा रोग 1976 साली प्रथम ओळखला गेला. तो विरळा आहे, पण जेव्हा होतो तेव्हा भयंकर असतो, आणि मध उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. यास्तव एक वर्ष पुरे होईपर्यंत मुलाला मध मुळीच देऊ नये, असे आज जगभरचे बालवैद्य सांगतात. सूत्रकाराला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. तथापि रोग न आणणारे अन्न मागणारी प्रार्थना ज्याने त्याच जागी सांगितली, त्याच्या आज्ञेशी मध वगळण्याने विरोध कसा येईल? तित्तिर पक्षी ज्यांनी वगळला त्यांनी मध वगळण्यास संकोच करू नये. देवापुढच्या पंचामृतात मध खुशाल असावा. बाळाच्या ओठाला तो लावू नये, आणि ते पंचामृतही तीर्थ म्हणून त्याच्या तोंडात घालू नये.

खिरीविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. केशर-बदाम घातलेली, साखरेने दाट झालेली खीर पाहुण्यांसाठी असू द्यावी. सुश्रुताने सहाव्या महिन्याच्या मुलासाठी जे अन्न सांगितले त्याची लक्षणे दोनच : ते लघु असावे आणि हितकर असावे. कश्यपसंहितेत तर आधी फळ आणि दात आल्यावर धान्य, असा क्रम आहे. मऊ शिजवून घोटलेला भात, त्यावर मुगाच्या वरणाचे पाणी नव्हे तर घोटलेले वरणच, आणि थेंबभर तूप, एवढे पुरे. कोकणात आणि गोमंतकात नाचणीचे सत्त्व देण्याची जी जुनी रीत आहे ती उत्तम. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, वाळवून दळली, तर तिची पेज पातळ होते. धान्याला मोड येताना त्यात पिष्ट फोडणारे पाचक द्रव्य तयार होते, त्यामुळे त्याच वाटीत अधिक धान्य मावते आणि मुलाला ते गिळताही येते. मोड आणण्याची ही युक्ती ज्या आजीबाईंनी काढली, त्यांनी ती ग्रंथ वाचून काढली नव्हती.

वाटीतले अन्न वाटून झाल्यावर प्रत्येक नातलगाने आपापल्या बोटाने घास भरवण्याची हौस आवरावी, हेही सांगितले पाहिजे. सोवळ्याची कल्पना येथे खरोखर उपयोगी आहे. हात धुतलेले एक-दोन जण पुरेत. ओवाळणीची नाणी मुलाच्या मुठीत न देता ताम्हनात ठेवावीत.

दुसरा प्रश्न काळाचा, आणि तो पहिल्याहून गंभीर आहे. सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर दुधाबरोबर अन्न, असा आजच्या वैद्यकाचा निर्णय आहे. जागतिक आरोग्य सभेने 2001 साली तो ठरावाने स्वीकारला. सूत्रकारांचा सहावा महिना आणि हा निर्णय इतके जवळ आहेत की आश्चर्य वाटावे. अंतर काही दिवसांचेच आहे. मुलींसाठी विषम महिना धरण्याची पद्धत आहे. तेथे पाचवा न धरता सातवा धरावा, म्हणजे शास्त्रही राहते आणि मुलीचे हितही. सहा महिन्यांच्या सुमारास जन्मतः शरीरात साठलेले लोह संपत येते आणि आईचे दूध, ते कितीही उत्तम असले, तरी एकटे पुरे पडत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला दुधाशिवाय दिवसाला सुमारे 200 कॅलरींचे अन्न लागते, आणि ते दोन-तीन वेळा विभागून.

अडचण येते ती येथेच. इंदूर-बडोद्याकडे स्थायिक झालेली कितीतरी कुटुंबे कुलदेवतेच्या पायांशी किंवा मठात येऊनच उष्टावण करावे असा नियम पाळतात. नियम सुंदर आहे. परंतु रजा मिळत नाही, गाडीचे आरक्षण मिळत नाही, मध्येच सुतक येते, मग चातुर्मास येतो, आणि मूल नऊ महिन्यांचे होते. तोवर "उष्टावण झाले नाही" म्हणून त्याच्या तोंडात धान्याचा कण घालायचा नाही, असा आग्रह घरातील वडीलधारी माणसे धरतात. मूल दुसऱ्याच्या ताटाकडे हात करते आणि आजी ताट मागे ओढते. मुलावर प्रेम असल्यामुळेच ती हे करते, आणि मूल त्यामुळे सुकत जाते.

या बाबतीत शास्त्राचे मत काय पडते? संस्काराचा मुख्य काळ चुकला तर गौण काळ आहे आणि अल्पसे प्रायश्चित्तही आहे. मुंजीच्या दिवशी सकाळी पुरोहित जातकर्मापासून राहून गेलेले सारे संस्कार ओळीने उरकून घेतात, हे प्रत्येकाने पाहिले आहे. आठ वर्षांनी केलेले अन्नप्राशन जर शास्त्राला चालते, तर तोपर्यंत तो बटू काय दुधावरच होता? संस्कार पुढे ढकलला म्हणून अन्न पुढे ढकलावे, असे अन्नप्राशनाच्या प्रकरणात सांगितलेले नाही. तेव्हा सहा महिने पुरे होताच घरातल्या देवापुढे भाताची मूद ठेवावी, कुलदेवतेचे स्मरण करून मुलाला घास द्यावा, आणि मठात यावयाचे तेव्हा सवडीने येऊन यथासांग विधी करावा. येथल्या गुरुपीठापुढे नऊ महिन्यांचे बाळसेदार मूल आले तर देवाला त्यात उणे वाटणार नाही.

हा प्रश्न चार घरांचा नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी अवघ्या 45.9 टक्के मुलांना आईच्या दुधाबरोबर घन वा अर्धघन अन्न मिळत होते असे आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना योग्य वयात दूध आणि घास ही दोन्ही मिळत नव्हती. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी 67.1 टक्के मुले रक्तक्षयी होती. यांतील बहुतेकांच्या घरी मुहूर्ताचा नव्हे, दारिद्र्याचा आणि अज्ञानाचा अडसर असतो, हे खरे. अंगणवाड्यांतून आता 'अन्नप्राशन दिवस' साजरा होतो आणि कोणत्याही जातीची आई आपले मूल घेऊन तेथे येते. ज्या संस्काराचे ज्ञान मठांनी सांभाळले, त्याचे काम आज अंगणवाडीची सेविका करीत आहे, याचा मठाच्या भक्तांना आनंदच वाटला पाहिजे. थोडी लाज वाटली तरी ती अस्थानी नाही.

मुलींविषयी एक गोष्ट राहिली. आश्वलायन सूत्राप्रमाणे मुलीचे अन्नप्राशन मंत्रावाचून, केवळ क्रियेने करावयाचे असते. यावरून कित्येक घरी मुलीचे उष्टावण मुळीच करीत नाहीत, किंवा शेजारच्या घरून एक वाटी खीर आणून उरकतात. मंत्र नाही म्हणजे मान नाही, हा अर्थ कोणी काढला? पारस्कराने तर मुलालाही मौनाने भरवण्याचा पर्याय सांगितला आहे, आणि त्या मौनाला कोणी कमीपणा मानलेला नाही. ज्यांना मुलीसाठी अन्नपतीची प्रार्थना म्हणावीशी वाटेल त्यांनी ती म्हणावी. प्रार्थनेत मागितलेले अन्न तिलाही लागतेच. परंतु मंत्रापेक्षाही वाटीकडे लक्ष असावे. भावाच्या वाटीतले तूप आणि बहिणीच्या वाटीतले तूप सारखे असावे, आणि ते पहिल्या दिवशीच नव्हे, तर ती न्हाती-धुती होऊन स्वतः कोणाची आई होईपर्यंत.

शेवटी तैत्तिरीयातील भृगूची कथा. भृगू वरुणाकडे, म्हणजे आपल्या पित्याकडे जाऊन ब्रह्म विचारतो. पिता तप करायला सांगतो. तप करून त्याला प्रथम कळते ते हे, की अन्न हे ब्रह्म. मग प्राण, मग मन, मग विज्ञान, आणि अखेर आनंद. बहुतेक निरूपणे येथे थांबतात आणि अन्नाची पायरी मागे पडली असे श्रोत्यांस वाटते. परंतु उपनिषद तेथे थांबत नाही. आनंदापर्यंत पोहोचल्यानंतरच्या अनुवाकांत व्रते सांगितली आहेत, आणि ती सारी अन्नाची आहेत : अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न पुष्कळ करावे, वस्तीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये. ज्याला आनंदब्रह्म कळले त्याला ऋषीने पुन्हा स्वयंपाकघरात पाठवले आहे. मठातल्या संतर्पणाचे मूळ हेच आहे.

आजच्या महाप्रसादासाठी मठाच्या पाकशाळेत मुगाचे वरण आणि मऊ भात, मीठ-तिखट न घालता, वेगळ्या पातेल्यात ठेवलेला आहे. लहान मुलांच्या आयांनी पहिल्या पंक्तीला, उत्तरेकडच्या ओवरीत बसावे. तेथे वाढणाऱ्या स्वयंसेविकांनी हात धुण्यासाठी गरम पाणी ठेवले आहे. ज्यांच्या मुलांना सहा महिने पुरे झाले आहेत आणि ज्यांचे उष्टावण काही कारणाने राहिले आहे, त्यांच्यासाठी पुरोहित मध्यान्हपूजेनंतर तासभर सभामंडपातच थांबणार आहेत.